पार्श्वभूमी : संगणकावरची पृथ्वी आणि ‘ओएसएम’चा घोळ

नागपुरात नकाशाच्या कामातल्या दोघांची गाठ पडली आणि एकाने ‘ओएसएम’ म्हटलं, की दुसरा आधी विचारतो, ‘कोणतं?’ कारण ही आद्याक्षरं दोन नकाशांची आहेत : लोकांनी मिळून काढलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ आणि सरकारी ‘ओपन सिरीज मॅप’. सर्वेक्षण, माती, दूरसंवेदन अशी सगळी कार्यालयं याच शहरात असल्यामुळे हा प्रश्न इथे जरा जास्तच पडतो. त्याचं मूळ २००४-०५ च्या दीड-एक वर्षात आहे.

झीरो माइलचा खांब आणि त्यामागची ब्रिटिशकालीन जमीन-मोजणी इथे उगाळत नाही. त्या मोजणीने पृथ्वीचा आकार म्हणून १८३० चा ‘एव्हरेस्ट’ लंबगोल धरला होता, एवढं लक्षात असू द्या. तो पुढे आडवा येतो.

अमेरिकेच्या अवकाश संस्थेने २००४ मध्ये ‘वर्ल्ड विंड’ हा संगणकावर पृथ्वीचा गोल फिरवून बघायचा प्रोग्रॅम बाहेर काढला. ‘गूगल अर्थ’ त्यानंतर, जून २००५ मध्ये आलं. बहुतेकांच्या डोक्यात हा क्रम उलटा असतो. वर्ल्ड विंड तेव्हा फक्त विंडोजवर चाले आणि त्याला ग्राफिक्स कार्ड लागे. अमेरिकेतल्या शहरांसाठी त्यात विमानातून टिपलेली बारीक छायाचित्रं होती. आपल्या वाट्याला लँडसॅट उपग्रहाची, एका ठिपक्यात १५ मीटर जमीन मावेल अशी चित्रं आली. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव ओळखू यायचे, पण महाल-इतवारीच्या गल्ल्यांचा नुसता राखाडी डाग. उंचीची माहिती २००० सालच्या अंतराळयानाच्या रडार मोहिमेतली, आपल्याकडे ९० मीटरच्या जाळीची. तिच्यात सीताबर्डीची टेकडी जेमतेम उठायची. गूगलकडे चांगली चित्रं आली तशी माणसं तिकडे वळली. प्रोग्रॅमचा कोड खुला असून भागत नाही, चित्रं कोणाच्या कोठारातून येतात यावर सगळं ठरतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

वर्ल्ड विंडच्या परवान्यावरही वाद होता. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्यांनी तो मान्य केला. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र नाकारला, कारण केलेला बदल ही तुमची स्वतःची मूळ निर्मिती असावी अशी त्यात अट होती. म्हणजे दुसऱ्याचा मुक्त कोड आणून त्यात मिसळायची सोय नाही. लिनक्सच्या बाजूने आलेल्या ‘मार्बल’ या तशाच पृथ्वीगोलाला (सुरुवात २००६) असलं काही आड आलं नाही. ते ग्राफिक्स कार्डाशिवाय जुन्या पीसीवरही फिरतं, आणि रस्ते घेतं ते ओपनस्ट्रीटमॅपचे.

इथेच घोळ सुरू होतो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालं : लोकांनी काढायचं, लोकांनी वापरायचं. मे २००५ मध्ये आपल्या देशाचं नकाशा धोरण आलं आणि त्याने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी ‘ओपन सिरीज मॅप’. आद्याक्षरं तीच, ओएसएम. पण या ‘ओपन’चा अर्थ वेगळा : संवेदनशील ठिकाणं वगळून, संरक्षण खात्याची मंजुरी घेऊन लोकांना दिलेला नकाशा. घ्या, बदला, पुन्हा वाटा, असं त्यात कुठेच नव्हतं. आपल्या नकाशाला ‘ओपन’ म्हणण्याचा हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. ‘सार्वजनिक मालिका’ म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता.

त्याच धोरणातला दुसरा निर्णय मात्र चोख होता. नव्या मालिकेने एव्हरेस्ट सोडून डब्ल्यूजीएस-८४ हा लंबगोल धरला, म्हणजे जीपीएस आणि हे सगळे पृथ्वीगोल ज्यावर चालतात तोच. नकाशाच्या पत्र्यांचे (शीटचे) क्रमांकही बदलले. जुन्या पद्धतीत नागपूर ५५ ओ/४ वर येतं, नव्यात एफ४४ च्या पोटात. जुन्या माणसांच्या तोंडून ‘पंचावन्न ओ’ काही सुटत नाही.

२०१२ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपने परवाना बदलला, त्यावर बरीच भांडणं झाली. २०१७ पासून सरकारी ओएसएम फुकट मिळू लागलं, पण आधार क्रमांक देऊन आणि पीडीएफच्या रूपात. पीडीएफ वाचता येते. तिच्यातली नाग नदी उचलून मार्बलमध्ये सोडता येत नाही. २०१९ मध्ये वर्ल्ड विंडचं काम मूळ संस्थेने थांबवलं. कोड खुला असल्याने इतरांनी ते पुढे रेटलं. फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी देशातल्या व्यक्ती-संस्थांसाठी नकाशाच्या कामाला लागणाऱ्या पूर्वपरवानगीची अट काढली. एक मीटरपेक्षा बारीक माहितीवर मात्र परदेशी कंपन्यांना बंधन राहिलं.

१८३० चा एव्हरेस्ट अजून संपलेला नाही. ५५ ओ/४ चा स्कॅन क्यूजिस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये घेताना एव्हरेस्टवर बेतलेली संदर्भप्रणाली ‘कल्याणपूर १९७५’ निवडायची राहिली, तर पत्रा सरकतो. मग उपग्रहचित्रात अंबाझरीचं पाणी एकीकडे आणि पत्र्यावरचा बांध दुसरीकडे.