पंप पाठीवर, औषध अंगावर

कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाला कीटकनाशक क्वचितच कोणी म्हणतं. ते ‘औषध’. कृषी केंद्रातून औषध आणायचं, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, औषध मारायचं. कोणी जीव दिला तरी ‘औषध घेतलं’ असंच कानावर येतं. एकाच शब्दात पीक जगवणं आणि माणूस मरणं, दोन्ही बसतं.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात भरती करावं लागलं. ओकाऱ्या, चक्कर, दम लागणं, काहींना तर दिसेनासं झालं. यांनी औषध प्यायलेलं नव्हतं. ते श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलं होतं. बातम्यांनी याला अचानक कोसळलेलं संकट म्हटलं, पण अचानक असं त्यात फारसं काही नव्हतं.

या औषधांतला एक मोठा गट ऑर्गनोफॉस्फेटचा, मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस त्यातलेच. या गटाचा जन्म जर्मनीतला. गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ किडे मारायचं रसायन शोधत असताना १९३६ मध्ये त्याच्या हाती ‘टॅबून’ लागलं. ते इतकं जहाल निघालं की लष्कराने युद्धासाठी उचललं. त्याच कुळातलं पॅराथिऑन पुढे शेतात आलं. किडा काय, माणूस काय, मारायची रीत सारखीच: मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवणारं अॅसिटिलकोलीन काम झाल्यावर मोडून टाकणारं एक एन्झाइम शरीरात असतं, ते हे रसायन बंद पाडतं. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, डोळ्यांचं पाणी वाहत राहतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव साचतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यावरचा उतारा, अॅट्रोपिन, वेळेवर मिळाला तर माणूस वाचू शकतो.

भारताने याची चव फार आधी घेतली होती. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरहून अधिक माणसं मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचे, विष किती जहाल ते सांगणारे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण त्याच्याच नियमांतले. २००५ मध्ये मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी झाली, कापसावर मात्र ते चालू राहिलं. मला यातला हिशेब नेहमी खटकतो. भाजी खाणाऱ्याच्या पोटाचा विचार झाला, कारण खाणारा शहरातही राहतो. कापूस कोणी खात नाही. पण फवारणारा सगळीकडे तोच, त्याची कातडीही तीच.

आता कापसाकडे. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला झाडानेच मारावं असा जनुकीय बदल केलेल्या वाणाला, परवानगी मिळाली. बोंडअळीची फवारणी कमी होईल हा त्यामागचा वायदा होता, आणि सुरुवातीची काही वर्षं तो खराही ठरला. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा काही इलाज नव्हता. पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटीला जुमानणं सोडलं. २०१७ मध्ये विदर्भात तिचा मोठा हल्ला झाला. त्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, म्हणजे नळी वर धरून फवारायचं. झालं, तुषार थेट तोंडावर आणि छातीवर. हवेत दमट उकाडा, सदरा घामाने चिंब, आणि ओल्या कातडीतून रसायन अधिक सहज मुरतं. प्लॅस्टिकच्या बादलीत दोन-तीन औषधं एकत्र ओतायची, टोपणाने माप घ्यायचं, काडीने ढवळायचं. नुसत्या टोपणाच्या अंदाजावर मात्रा ठरते तेव्हा लेबलवरचे बारीक अक्षरातले मिलिलिटर कोणाच्या कामाचे?

सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर केले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. २०२० मध्ये यवतमाळची ही कैफियत स्वित्झर्लंडपर्यंत गेली. तिथल्या एका कंपनीच्या डायफेन्थियुरॉन या औषधावरून बाधित कुटुंबांनी दाद मागितली; कंपनीने आरोप नाकारले. हे रसायन ऑर्गनोफॉस्फेट नव्हे, त्याच्यावर नेमका उताराही नाही.

म्हणून दवाखान्यात पहिला प्रश्न असतो तो कोणतं औषध मारलं याचा. घरच्यांनी डबा सोबत आणावा, असं डॉक्टर सांगतात. पण रोजाने फवारायला गेलेल्या मजुराच्या हाती डबा आलेलाच नसतो. त्याला मिळतो भरलेला पंप. लाल त्रिकोण मालकाच्या गोठ्यात, नाहीतर बांधाच्या कडेला पडलेला असतो.