पिसावरून शिकारी पक्ष्यांची ओळख (गोवा)

गळून पडलेल्या पिसाचे पक्ष्याच्या अंगावरील स्थान, लांबी आणि नक्षी पाहून जात ठरविण्याची पद्धती. गोव्यात अशी पिसे मासळी उतरविण्याचे धक्के, खाजनांचे (खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेतजमिनींचे) बांध, माडांचे बुंधे आणि मोले-म्हादईच्या रानवाटांवर मिळतात. रंगावरून सुरुवात केल्यास चूक जवळजवळ ठरलेली. रंग शेवटी पाहावा.

आधी स्थान. दांड्याला पन्हळ असते ती खालची बाजू. टोक वर व वरची बाजू आपल्याकडे धरल्यावर अरुंद पाते (दांड्याच्या एका बाजूचा चपटा भाग) उजवीकडे आले, तर पंखाचे पीस डाव्या बाजूचे. घारी-गरुडांच्या पंखाच्या टोकाकडील पिसांत पाते मध्येच एकदम निमुळते होऊन खाच पडते. शेपटीच्या मधल्या पिसात दोन्ही पाती सारखी असतात. कडेच्या पिसात ती असमान असली तरी खाच नसते.

पिसांच्या क्रमांकाबाबत मात्र दोन पद्धती आहेत. घारी, गरुड व शिक्रा यांच्या पंखात कामाची प्राथमिक पिसे (पंखाच्या टोकाकडील लांब पिसे) १० व शेपटीत सामान्यतः १२. ब्रिटिश काळातील वर्णनांत प्राथमिक पिसे बाहेरून आत मोजलेली आढळतात. अलीकडे आतून बाहेर मोजतात. म्हणजे जुन्या वर्णनातील तिसरे पीस आजचे आठवे. ही गफलत झाली की खाचेचे सगळे वर्णन दुसऱ्याच पिसाला चिकटते. आतून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण घारी-गरुडांची पिसेही साधारणतः त्याच क्रमाने गळतात. ससाण्यांत गळती चौथ्या पिसाच्या आसपास सुरू होऊन दोन्ही दिशांना जाते. पोपटांतही ती मधूनच सुरू होते. २००८ मधील जनुकीय अभ्यासाने ससाण्यांना घारींपेक्षा पोपटांच्या जवळ नेले, त्याच्याशी हे जुळते.

लांबी देठाच्या टोकापासून सरळ मोजावी. पक्षिवर्णनात दिलेली पंखाची लांबी मनगटाच्या सांध्यापासून असते, म्हणून सुटे पीस तिच्यापेक्षा आखूडच भरते. शिक्र्याचा पंख सुमारे २० सेंमी.; तेव्हा २५ सेंमी.चे पट्टेदार पंखाचे पीस शिक्र्याचे असू शकत नाही.

गोव्यात सर्वाधिक घोळ तांबूस पिसांचा. ब्राह्मणी घारीचे प्राथमिक पीस विटकरी व टोकाशी ठळक काळे असते. भारद्वाजाचे पीस आखूड असून त्याला असे काळे टोक नसते. मोराची प्राथमिक पिसेही तांबूसच, पण दांडा वाकलेला व पाते खोलगट. मोराच्या खांद्यावरची फिकट पिवळसर, काळ्या रेघांची पिसे तर सड्यांवरून (कातळपठारांवरून) घुबडाची म्हणून हमखास उचलली जातात. घुबडाच्या पिसाचा पृष्ठभाग मखमली असतो आणि सर्वांत बाहेरच्या पिसाच्या कडेला बारीक दाते असतात. मत्स्य घुबडात मात्र हे दाते नीट वाढलेले नसतात, म्हणून त्यांचा अभाव हा पुरावा धरू नये.

सर्पगरुडाच्या काळ्या शेपटीत एकच रुंद पांढुरका पट्टा असतो. समुद्री गरुडाच्या शेपटीचे पीस बुडाशी काळपट, टोकाकडे पांढरे. साध्या घारीच्या शेपटीवर पुसट आडवे पट्टे असतात आणि कडेची पिसे सर्वांत लांब; ब्राह्मणी घारीचे पिल्लू तपकिरी असले तरी त्याच्या शेपटीवर पट्टे नसतात. हिवाळी पाहुण्या भोवत्यांबाबत (हॅरियर) एकट्या पिसावरून निर्णय देणे टाळावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत पिसांचाही समावेश आहे. म्हणून मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत व पीस जागीच सोडावे. पावसात चिकटलेले तंतू आधी वाळू द्यावेत. ओल्या पिसात पाते अरुंद दिसते व खोटी खाच भासते. पीस कुरतडलेले असल्यास बुडाच्या मऊ तंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात, पण तिच्यातून बहुधा फक्त गण (पक्ष्यांचा मोठा गट) कळतो; जातीसाठी देठातील डीएनए लागतो.