लाखेची पकड

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका कारागिराला अंगठीत खडा बसवताना मी अगदी शेजारी बसून पाहिलं. वीतभर लांब लाकडी दांडीच्या टोकाला लाखेचा गोळा होता. त्याने तो दिव्यावर फिरवला, लाख चकाकू लागताच अंगठी त्यात निम्मी रुतवली, ओल्या बोटाने कडेची लाख तिच्यावर चढवली आणि दांडी पाण्यात बुडवली. मग बोथट सळईने खड्याभोवतीच्या नख्या एकेक करून वळवल्या. अंगठी तसूभर हलली नाही.

पकडीत आवळली असती तर? शुद्ध सोनं जेमतेम आपल्या नखाइतकं कठीण. पोलादी पकड दागिन्याला दोन-चार ठिकाणीच टेकते, सगळा जोर तेवढ्याशा जागेवर येतो आणि तिथे खड्डा पडतो. लाख मात्र नक्षीच्या प्रत्येक खाचेत शिरते. जोर तेवढाच, पण तो सगळ्या पृष्ठभागावर वाटला जातो. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या बारीक किड्यांचा हा स्राव 70 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो. सोनं वितळतं 1064 अंशांना, त्यामुळे त्याला या उबेचं काहीच नाही. काम झालं की पुन्हा ऊब द्यायची, दागिना सोडवायचा. चिकटून राहिलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

पत्रा ठोकून त्यावर उठावाची नक्षी काढताना राळ, विटेची पूड आणि थोडं तेल यांचं मिश्रण वापरतात. इथे या मिश्रणाच्या पकडीला दोन उलटी कामं करावी लागतात. ठोकायच्या खिळ्याखाली तिने दबलं पाहिजे, पण शेजारचा पत्रा जागचा हलू देता कामा नये. फार कडक झाली तर पत्रा फाटतो, फार मऊ झाली तर अख्खा पत्रा आत बसतो. म्हणून उन्हाळ्यात पूड वाढवतात आणि थंडीत तेल. मला या कलेतलं हे सगळ्यात सुंदर ज्ञान वाटतं.

असे पदार्थ क्षणात घाव बसला तर घनासारखे वागतात आणि वेळ मिळाला तर वाहतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 मध्ये डांबराच्या जातीचा असाच पदार्थ नरसाळ्यात भरला. 1930 मध्ये खालचं तोंड कापलं. हातोडीने फुटणाऱ्या त्या पदार्थाचा नववा थेंब 2014 मध्ये सुटला.

झाळकामात, म्हणजे तुकडे तापवून जोडताना, मात्र लाख चालत नाही, ती जळून जाते. तिथे लोखंडी तारेने तुकडे बांधतात, आणि त्यात एक खोच आहे. तापल्यावर चांदी लोखंडापेक्षा जास्त फुगते. 60 मिलिमीटर व्यासाचं चांदीचं कडं 700 अंशांपर्यंत नेलं, तर त्याचा व्यास भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यापेक्षा सुमारे पाव मिलिमीटरने अधिक वाढतो. तार ताणून बांधलेली असेल तर ती मऊ पडलेल्या चांदीत रुतते. म्हणून जाणता कारागीर तारेत एक-दोन नागमोडी वळणं ठेवतो. कडं फुगलं की ती सरळ होतात आणि ताण सोसतात. झाळल्यावर दागिना साफ करायला तेजाबात, म्हणजे आम्लात, टाकण्याआधी ही तार न चुकता काढायची. तेजाबात आधीच्या कामांचं तांबं विरघळलेलं असतं. लोखंड आत गेलं की ते तांबं पुन्हा धातू होऊन चांदीवर बसतं आणि दागिना गुलाबी पडतो.

कोल्हापुरी साजात तर लाख दागिन्यातच राहते. पातळ पत्र्याची पोकळ पानं आणि मणी लाखेने भरतात, म्हणून गळ्यात वर्षानुवर्षं वापरूनही ते चेपत नाहीत. जुना साज दुरुस्तीला आला की आधी ही लाख बाहेर काढावी लागते, नाहीतर ज्योत लागताच ती उकळून जोडातून बाहेर येते. आणि साज मोडायला नेला, तर सोनार तिचं वजन वजा करूनच सोनं धरतो.