गळ्यातली गाठ आणि तिची चार नावे

गळ्यातून मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा पिंड असतो. रक्तातला ऑक्सिजन घटला की तो मेंदूला कळवतो. त्यातून वाढलेल्या गाठीवरची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया १८८० सालची, रुग्ण दगावला. १८८६ मध्ये रुग्ण वाचला, पण वाचा गेली आणि अर्धांगवायू झाला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की दुसरे काय होणार? धमनी शाबूत ठेवून तिच्या बाहेरच्या आवरणाखालून गाठ सोलायची रीत १९४० मध्ये मांडली गेली.

खरा घोळ नावांचा. आधी 'ग्लोमस', म्हणजे गुंडा. हेच नाव नखाखालच्या ठणकणाऱ्या गाठीलाही आहे, आणि दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मग रंगद्रव्याच्या चाचणीवरून 'नॉनक्रोमॅफिन'. १९५० मध्ये 'केमोडेक्टोमा'. आता 'पॅरागँग्लिओमा', तरी स्कॅनच्या रिपोर्टात 'ग्लोमस' सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणाने 'साधी' आणि 'घातक' ही विभागणीच काढून टाकली: प्रत्येक गाठ पसरू शकते असे धरायचे, आणि पसरली म्हणायचे ते लसिकाग्रंथी, हाड, फुफ्फुस अशा, जिथे या जातीच्या पेशी मुळात नसतात त्या जागी सापडली तरच. सूक्ष्मदर्शकाखाली निवाडा होत नाही, तेव्हा निर्णय बरोबरच. मात्र 'कॅन्सर आहे का?' या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येत नाही, आणि बहुतेक गाठी पसरत नाहीत हे रुग्णाला सांगायचे राहून जाते.

आपल्याकडे गळ्यातली गाठ म्हणजे आधी टीबीची शंका, म्हणून सुई लवकर टोचली जाते. इथे हाती बहुधा रक्तच लागते. तुकडा कापून काढणे तर धोक्याचेच. गाठ आडवी हलते पण वर-खाली हलत नाही, हे बोटांना कळले की सुई बाजूला ठेवून डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) धमनीच्या दोन शाखा फाकलेल्या दिसतात. शस्त्रक्रियेआधी मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारे द्रव्य) तपासायचे. गाठ संप्रेरके सोडत असेल तर भूल देताना रक्तदाब उसळतो.

२००० मध्ये या गाठींशी जोडलेले एसडीएचडी जनुक सापडले. त्यातला दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठ होते, म्हणून एखादी पिढी कोरी जाते. अशा घराण्यात गळ्याची दुसरी बाजूही बघावी लागते. दोन्हीकडच्या गाठी काढल्यावर रक्तदाब आवरेनासा होऊ शकतो.

१९७१ पासून गाठ धमनीला किती चिकटली यावर तीन श्रेणी. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत घट्ट चिकटलेल्या श्रेणीत धमनीचा तुकडा बदलायची तयारी लागते. शस्त्रक्रियेच्या २४ ते ४८ तास आधी बारीक कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याबाबत अजून एकमत नाही, कारण ते कण मेंदूत जाऊ शकतात. वाढ साधारण वर्षाला १ मिमी, त्यामुळे वयस्क रुग्णात नुसते लक्ष ठेवणेही चालते.