डॅन पॅच: ऑक्सफर्डच्या कापडदुकानदाराचा घोडा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेल्या डॅन पॅच या घोड्याची हकीकत बहुधा मिनियापोलिसपासून सांगितली जाते. तेथील पशुखाद्याचे बडे व्यापारी एम. डब्ल्यू. सॅव्हेज यांनी डिसेंबर १९०२ मध्ये तो ६०,००० डॉलरना विकत घेतला आणि त्याला देशभर मिरवले. परंतु हा घोडा घडला तो इंडियाना राज्याच्या बेंटन काउंटीतील ऑक्सफर्ड या छोट्या गावात, डॅनियल मेसनर या कापडदुकानदाराच्या तबेल्यात. मेसनर यांना या हकीकतीत जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो, आणि तो अपुरा आहे असे मला वाटते, कारण घोड्याच्या आयुष्यातले कठीण निर्णय त्यांनीच घेतले होते.

मोटार येण्यापूर्वीच्या मध्य-पश्चिम अमेरिकेत दुकानदार, डॉक्टर किंवा धान्याचा व्यापारी रोजच्या बग्गीसाठी घोडा पाळत असे, आणि तो घोडा शेजाऱ्याच्या घोड्यापेक्षा वेगवान असावा ही इच्छा ओघानेच येई. या हौसेला वाव मिळे तो काउंटीच्या वार्षिक जत्रेत. तेथे मातीची धावपट्टी असे आणि ‘सल्की’ नावाच्या हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेले घोडे मैलभराच्या फेऱ्या मारत. एका शर्यतीत अशा अनेक फेऱ्या असल्याने घोड्याला नुसता वेग पुरत नसे, दमही लागे. या शर्यतींसाठी वाढवलेल्या जातीला ‘स्टँडर्डब्रेड’ म्हणतात. ठरावीक वेळेत मैल कापण्याच्या कसोटीवरून ते नाव पडले. या जातीतले काही घोडे दुडक्या चालीने धावतात, तर काही एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकदम टाकतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्यांनी रेवाल चालीचे घोडे पाहिले असतील, त्यांना या दुसऱ्या चालीची कल्पना सहज येईल. डॅन पॅच या दुसऱ्या प्रकारचा होता. १८९२ च्या सुमारास सल्कीला हवेचे टायर असलेली लहान चाके बसू लागली, विक्रम भराभर मोडू लागले आणि १८९७ मध्ये स्टार पॉइंटर हा घोडा दोन मिनिटांच्या आत मैल धावला. मेसनर यांची हौस वाढली ती याच उत्साहाच्या काळात.

त्यांनी एका विक्रीत झेलिका नावाची घोडी २५५ डॉलरना घेतली. ती एकदाच शर्यतीत उतरली होती आणि लंगडी झाल्याने धावण्याच्या कामाची उरली नव्हती, म्हणून मेसनर यांनी तिला इलिनॉयमधील शबांझ येथे, ‘जो पॅचेन’ या नामांकित घोड्याकडे वीण घेण्यासाठी नेले. त्या घोड्याची फी १५० डॉलर, म्हणजे घोडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होती. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने हा खर्च केला, यावरून घोड्याच्या वंशावर त्यांचा किती भरवसा होता हे दिसते.

२९ एप्रिल १८९६ रोजी शिंगरू जन्मले, पण त्याचे पाय वाकडे होते आणि आधाराशिवाय त्याला उभेही राहता येईना. गावात थट्टा झाली. तरीही मेसनर यांनी ते ठेवून घेतले आणि स्वतःचे ‘डॅन’ व बापाच्या नावातले ‘पॅच’ जोडून त्याचे नाव ठेवले. शिकवण्याचे काम गावातच भाड्याच्या घोडागाड्यांचा तबेला चालवणाऱ्या जॉन वॉटल्स यांनी केले. शर्यतीत उतरवण्याची घाई दोघांनीही केली नाही. घोडा चार वर्षांचा होईपर्यंत ते थांबले, आणि माझ्या मते डॅन पॅचच्या पुढील यशाचे मूळ या थांबण्यात आहे; कमजोर पायांच्या घोड्याला लहान वयात शर्यतीचा ताण दिला असता, तर बहुधा तो आईप्रमाणेच लंगडा झाला असता.

३० ऑगस्ट १९०० रोजी शेजारच्या बॉसवेल गावी तो पहिल्यांदा धावला आणि जिंकला. त्यानंतर लाफायेट येथे पहिली फेरी हरूनही त्याने शर्यत जिंकली. साऱ्या कारकिर्दीत तो फक्त दोन फेऱ्या हरला, आणि शर्यत म्हणून तर एकही हरला नाही. १९०१ मध्ये सल्की हाकणारे मायरन मॅकहेन्री यांच्या हाताखाली तो ‘ग्रँड सर्किट’ या मोठ्या शर्यतींच्या मालिकेत उतरला.

यशाबरोबर भीतीही आली. मेसनर यांची दुसरी घोडी, लेडी पॅच, विषबाधेने मेली. डॅन पॅचच्याही जिवावर कोणी उठेल या धास्तीने त्यांनी १९०२ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातील मॅन्ली स्टर्जिस यांना २०,००० डॉलरना विकला. त्याच वर्षाअखेरीस तिप्पट किमतीला झालेली विक्री पाहून मेसनर यांना व्यवहारात चुकलेले मानणारे अनेक आहेत. मला ते पटत नाही. गावातल्या तबेल्यात अशा घोड्याचे रात्रंदिवस रक्षण करणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते, आणि घोडा जिवंत राहिला तो या विक्रीनंतर.

सॅव्हेज यांनी त्याच्यासाठी मिनेसोटा नदीकाठी घुमटाकार छताचा भव्य तबेला बांधला. लोक त्याला ‘ताजमहाल’ म्हणत. इतर मालक त्याच्याशी स्पर्धा करायला धजेनात, म्हणून तो एकटाच घड्याळाशी झुंजू लागला. १९०५ मध्ये लेक्झिंग्टन येथे त्याने १ मिनिट ५५¼ सेकंदांत मैल कापला. ८ सप्टेंबर १९०६ रोजी मिनेसोटाच्या राज्य जत्रेत ही वेळ १ मिनिट ५५ सेकंदांवर आली, परंतु पुढे वारा अडवणारा आडोसा असलेली गाडी धावत असल्याने अधिकृत विक्रमात ती धरली गेली नाही. ११ जुलै १९१६ रोजी डॅन पॅच मेला आणि दुसऱ्याच दिवशी सॅव्हेज यांचेही निधन झाले. तबेल्याजवळचे हॅमिल्टन गाव आज सॅव्हेज या नावाने ओळखले जाते. ऑक्सफर्डमध्ये मेसनर यांचे नाव गावाला लाभले नाही, पण तेथील जुन्या तबेल्याच्या छपरावर डॅन पॅचचे नाव आणि १:५५ ही वेळ मोठ्या अक्षरांत आहे, आणि दर सप्टेंबरात त्या घोड्याच्या नावाने गावाची जत्रा भरते.