खरपूस आणि करपट यांच्या मधले काही अंश

सकाळी सगळ्यात आधी आधण चढतं. पंधरा लिटर पाणी, ७३ अंश सेल्सिअस. त्यात पाच किलो माल्टची भरड पडली की पाण्याची बरीच उष्णता दाण्यांत जाते आणि मिश्रण ६७ अंशांच्या आसपास येऊन थांबतं. घरी बिअर करताना माझं मुख्य काम एवढंच: तापमान ठरवायचं आणि ते राखायचं. आज करायची आहे ती हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, भरपूर दरवळ असलेली ब्राउन एल ही तपकिरी बिअर. तिच्या बाबतीत तर तापमानाचा हा हिशेब, दाणा माझ्या हातात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

टेबलावर तीन वाट्या मांडल्या आहेत. तिन्हींत धान्य एकच, मोड आणून वाळवलेली बार्ली. पहिल्या वाटीतला फिकट माल्ट मंद आचेवर वाळवलेला. चावला तर पिठूळ, किंचित गोड. दुसऱ्या वाटीत क्रिस्टल माल्ट. हा ओला असतानाच तापवतात, त्यामुळे टरफलाच्या आतच पिष्टाची साखर होते आणि पुढे भाजताना ती काचेसारखी घट्ट होते. दाणा सुरीने कापून उजेडात धरला की आतला गर तांबूस आणि चकचकीत दिसतो. तिसरा चॉकलेट माल्ट. यात चॉकलेट अजिबात नसतं, नाव रंगावरून पडलंय. २०० अंशांच्या पुढे भाजलेला हा दाणा दाताखाली कुरकुरीत फुटतो आणि कॉफीसारखा कडू लागतो.

दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेने एकत्र येतात तेव्हा तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची शेकडो संयुगं तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती ‘मायार अभिक्रिया’. पावाची सोनेरी कड तिच्यामुळेच लागते. मात्र भाजणं लांबलं की खरपूसचं करपट होतं. मराठीत या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द आहेत याचं मला माल्ट हाताळताना फार अप्रूप वाटतं, कारण ब्राउन एलचं सगळं यशापयश या दोन शब्दांच्या मधल्या जागेत असतं.

इतिहासातही ही जागा महागात पडलेली आहे. अठराव्या शतकात गडद बिअर तपकिरी माल्टपासून होई. पुढे द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर ब्रुअरींच्या हाती आला आणि लक्षात आलं, की या माल्टमधून फिकट माल्टपेक्षा बरीच कमी साखर मिळते. १८१७मध्ये डॅनियल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं. पिंप फिरत राहिल्याने दाणा न जळता एकसारखा काळा होई. मग साखर फिकट माल्टमधून घ्यायची आणि रंग मूठभर काळ्या दाण्यांतून, अशी वाटणी शक्य झाली. माझ्या तीन वाट्यांमागे तीच वाटणी आहे: ४ किलो ४०० ग्रॅम फिकट, ५०० ग्रॅम क्रिस्टल आणि जेमतेम २०० ग्रॅम चॉकलेट माल्ट.

आता पुन्हा त्या ६७ अंशांकडे. फिकट माल्टमध्ये अमायलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स असतात. आंस्येल्म पायँ आणि ज्याँ फ्रांस्वा पेर्सो यांनी १८३३मध्ये माल्टमधूनच डायास्टेज वेगळं केलं. वेगळं काढलेलं ते पहिलं विकर मानलं जातं. बीटा अमायलेज पिष्टाच्या साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कड्या तोडतं आणि त्यातून यीस्टला सहज पचणारी माल्टोज साखर मिळते. त्याला ६०–६५ अंश मानवतात. त्यावर ते भराभर निकामी होतं. अल्फा अमायलेज साखळी मधूनच कुठेही तोडतं आणि ७० अंशांच्या आसपास जोमात असतं. त्याने केलेल्या तुकड्यांतले काही यीस्टला पचत नाहीत; ते बिअरमध्ये उरतात आणि तिला अंग देतात. मॅश, म्हणजे भरड आणि पाण्याचं हे मिश्रण, ६३वर ठेवला तर बिअर सडसडीत होते, ६९वर ठेवला तर भरीव. ब्राउन एलला कडवटपणा पेलायला थोडं अंग हवं, म्हणून ६७.

तासाभराने आयोडीनची चाचणी. पांढऱ्या बशीत मॅशमधल्या पाण्याचा एक थेंब, त्यावर आयोडीनचा एक. निळा-काळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे. टरफलाचा कण थेंबात आला तर तो काळा पडतोच, त्याने फसू नये. मग गाळणं, चोथ्यावर गरम पाणी फिरवून उरलेली साखर उतरवणं, ही कामं सरळ आहेत. फक्त ते पाणी ७७–७८ अंशांच्या वर नको, नाहीतर टरफलातला तुरटपणा उतरतो.

गाळलेल्या गोड पाण्याला वॉर्ट म्हणतात. त्याला पहिली उकळी येते तेव्हा प्रथिनांचा फेस झपाट्याने वर येतो. त्या पाच मिनिटांत भांड्यापासून हलायचं नाही, उतू जातं. फेस बसला की हॉप्सचा पहिला हप्ता. हॉपचं फूल उभं चिरलं की पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी चिकट भुकटी दिसते. सगळा जीव त्या भुकटीत. तिच्यातली अल्फा आम्लं वॉर्टमध्ये फारशी विरघळत नाहीत. उकळत्या वॉर्टमध्ये त्यांच्या रेणूंची रचना बदलते, ती आयसो-अल्फा आम्लं होतात, आणि मग ती विरघळतात व कडू लागतात. याला वेळ लागतो, म्हणून कडवटपणासाठीचे हॉप्स तासभर उकळायचे. सुगंधी तेलांचं याच्या उलट. मायर्सिनसारखी संयुगं वाफेबरोबर उडून जातात, म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटच्या दहा मिनिटांत आणि आच बंद केल्यावर.

इथेच या बिअरची खरी परीक्षा आहे. तिच्यात कडवटपणाच्या दोन वाटा एकत्र येतात, भाजक्या दाण्याची आणि हॉप्सची. पहिल्या खेपेला मी चॉकलेट माल्ट दुप्पट घातला होता आणि सुरुवातीचे हॉप्सही सढळ हाताने. बिअर प्यायल्यावर जिभेवर राखेसारखा थर बसायचा आणि हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास त्याखाली दबून जायचा. पाच लिटरच्या वर मी ती ओतून दिली. आता काळा दाणा मॅशच्या शेवटच्या वीस मिनिटांतच घालतो. त्यातल्या पिष्टाची वाट बघायची नसते. रंग आणि खमंगपणा तेवढ्या वेळात उतरतो, करपट चव कमी येते. सुरुवातीचे हॉप्सही निम्मे केले आणि वाचलेले शेवटाला दिले.

मग तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी फिरवून वॉर्ट १९ अंशांपर्यंत निववायचं. ही घाई गरजेची, कारण कोमट, गोड वॉर्ट सगळ्याच जंतूंना आवडतं. हायड्रोमीटर १.०५५ दाखवतो. भांडं जोरात हलवून वॉर्टमध्ये हवा मिसळायची, कारण नव्या पेशींची आवरणं बांधायला यीस्टला प्राणवायू लागतो, आणि यीस्ट घालून झाकण लावायचं. दिवसाचं काम इथे संपतं, यीस्टचं सुरू होतं. आंबवणं २४ अंशांच्या वर गेलं तर दारूचा उग्र वास येतो, म्हणून पहिले तीन दिवस मी थर्मामीटर रात्रीही बघतो.

दोन आठवड्यांनी घनता १.०१४वर स्थिरावते, म्हणजे अल्कोहोल सुमारे ५.४ टक्के. त्याआधी तीन दिवस ५० ग्रॅम हॉप्स थेट बिअरमध्ये टाकलेले असतात. उष्णता नाही, त्यामुळे कडवटपणात फार भर नाही, वास मात्र पूर्ण. बाटल्या तपकिरीच घ्यायच्या. उजेडात आयसो-अल्फा आम्लं तुटतात, त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि उग्र दुर्गंध येतो. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते.

पहिली बाटली तीन आठवड्यांनी उघडतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या, सात-आठ अंशांना, फक्त हॉप्स बोलतात: साल, पाइन, थोडं गवत. पेला हातात धरून पंधरा मिनिटं थांबलं की बारा अंशांच्या सुमाराला त्यामागून पावाची भाजकी कड वर येऊ लागते.