मोठा सेंट बंद झाला आणि लोक जुनी नाणी शोधायला लागले

अमेरिकेत जुनी नाणी जमवायचं वेड खरं पसरलं ते 1857 नंतर, आणि कारण अगदी साधं, रोज हातात असलेला तांब्याचा मोठा सेंट सरकारने बंद केला, सोबत अर्धा सेंटही गेला.

सुरुवात 1792 च्या कायद्याने झाली. सेंटमधे 264 ग्रेन तांबं ठरलं होतं पण तांबं महाग पडायला लागलं म्हणून नाणी पाडायच्या आधीच ते 208 वर आणलं, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम. मार्च 1793 मधे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून पहिले 36,103 सेंट बाहेर पडले. मागे 15 कड्यांची साखळी, 15 राज्यांची एकी दाखवायला, पण नुकतंच स्वतंत्र झालेल्या लोकांना त्यात बेड्याच दिसल्या, मग लगेच साखळी काढून पानांचं कडं आणलं. पहिल्या डायवर, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवायच्या साच्यावर, तर 'अमेरिका' पूर्ण लिहिलेलंच नाहीये, नुसतं 'अमेरि' आणि पुढे टिंब! मला हे नाणं त्यासाठीच सगळ्यात आवडतं, कोरणाऱ्याचा हात दिसतो त्यात. डाय हाताने कोरायचे, एक फुटला की दुसरा, त्यामुळे एकाच सालच्या सेंटमधे केस, पानं, आकडे सगळं थोडं थोडं वेगळं, आणि हौशी लोक भिंग लावून तेच बघत बसतात.

1815 सालचा सेंट मात्र नाहीच. तांब्याच्या कोऱ्या चकत्या इंग्लंडहून यायच्या आणि 1812 पासून त्यांच्याशीच युद्ध झाल्याने त्या संपल्या होत्या.

पुढे तांब्याचा खर्च परवडेना, फेब्रुवारी 1857 मधे कायदा झाला, मे महिन्यात नवीन छोटा सेंट आला आणि जुनी नाणी बदलून घ्यायला टांकसाळीत झुंबड उडाली. आता हे परत मिळणार नाही म्हटल्यावर लोक गल्ल्यातून, बरण्यांतून एकेक साल शोधायला लागले. त्याच्या खूप आधी फिलाडेल्फियाचा जोसेफ मिकली आपल्या जन्मसालचा, 1799 चा, सेंट शोधत फिरला होता आणि नेमकं तेच साल दुर्मीळ.

1949 मधे विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने या व्हरायटींना, म्हणजे वेगवेगळ्या डायच्या प्रकारांना, नंबर दिले आणि 1794 च्या सेंटच्या भावांवरून 1 ते 70 अशी ग्रेडची, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे याची, मोजपट्टी काढली, 1 म्हणजे जेमतेम ओळखू येणारं, 70 म्हणजे एकदम निर्दोष. आपल्याकडे ब्रिटिशकालीन रुपया प्लॅस्टिकच्या डबीत 'एमएस 63' (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं) लेबल लावून विकायला येतो ना, तो आकडा याच तांब्याच्या सेंटवरून आलाय.